शून्यावर बसलेले सातभाई

रात्री दोनच्या सुमाराला पडद्यावर आकडा उमटला : शून्य. शून्याच्या जवळपासचं काही नव्हे, निखळ शून्य. मी खुर्चीतून उठले, खोलीत दोन येरझारा घातल्या, पाणी प्यायले आणि कोडमध्ये चुकून कुठे शून्यच छापून ठेवलंय का ते पाहिलं. तसं नव्हतं. पुन्हा चालवलं. पुन्हा शून्य.

ज्या फंक्शनचा तळ शोधायचा होता त्याचं नाव रास्ट्रिजिन. ऑप्टिमायझेशनच्या, म्हणजे सर्वांत चांगलं उत्तर हुडकण्याच्या, वाटेला गेलेल्या प्रत्येकाची त्याच्याशी कधी ना कधी गाठ पडतेच. अंडी ठेवायचा ट्रे डोळ्यांसमोर आणा, आणि तो मधोमध थोडा दबलाय असं समजा. खळगे सगळीकडे, पण सर्वांत खोल खळगा एकच, बरोब्बर मध्यावर, जिथे सगळे निर्देशांक शून्य आणि फंक्शनची किंमतही शून्य. दोन मितींत हे चित्र कागदावर काढता येतं. मी तीस मितींत काम करत होते. −५.१२ ते ५.१२ या नेहमीच्या हद्दीत प्रत्येक दिशेला अकरा खळगे येतात. तीस दिशांचे मिळून किती? अकराचा तिसावा घात, म्हणजे एक बत्तीस अंकी संख्या. एवढ्या खळग्यांतून नेमका हवा तो माझ्या अल्गोरिदमने हुडकला होता, आणि तोही दर वेळी, न चुकता.

त्या अल्गोरिदमला मी ‘सातभाई’ असं नाव दिलं होतं.

सातभाई म्हणजे मातकट रंगाची, भांडखोर, सतत कलकलाट करणारी पाखरं. सहा-सात-आठच्या टोळीने जमिनीवरचा पालापाचोळा उलथत फिरतात. बाकीचे खात असताना एखादा उंच फांदीवर बसून पहारा देतो. त्याने आवाज दिला की अख्खी टोळी भुर्रकन उठते. मला आयतंच सगळं मिळालं होतं. टोळी म्हणजे संभाव्य उत्तरांचा गट, पाचोळा उलथणं म्हणजे आसपासचा शोध, पहारेकरी म्हणजे आतापर्यंत सापडलेलं सर्वांत चांगलं उत्तर, आणि त्याची हाक म्हणजे सगळ्यांनी त्याच्याकडे सरकायचं. थिसिसचं एक अख्खं प्रकरण मी पक्ष्यांच्या वागणुकीवर लिहून काढलं. फोटोंसकट.

सकाळी गाईड मॅडमसमोर तक्ता ठेवला, अल्गोरिदम पारखायच्या नेहमीच्या फंक्शनांचा. स्फिअर फंक्शनवर शून्य, रास्ट्रिजिनवर शून्य, ग्रिवांकवर शून्य, ॲकलीवर शून्याला चिकटून. रोझेनब्रॉकवर मात्र गाडी २८.९वर अडली होती. त्याखाली मी ‘अरुंद, वळणदार दरीमुळे’ अशी टीप टाकून मोकळी झाले होते. मॅडमनी तक्ता वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला.

‘‘अगं, तुझ्या पाखरांना उत्तर आधीच ठाऊक आहे की काय?’’

‘‘नाही मॅडम, सुरुवातीच्या जागा रँडम आहेत.’’

‘‘सुरुवातीचं नाही विचारत मी. फंक्शन ३.७ने सरकव आणि परत चालव. जेवायच्या आत होईल.’’

सरकवायचं म्हणजे ट्रे तोच ठेवायचा, फक्त त्याचा मधला खळगा शून्यावरून उचलून प्रत्येक दिशेला ३.७वर नेऊन ठेवायचा. कोडमध्ये एका वजाबाकीचं काम. पाच मिनिटांत उत्तर आलं : ८०३. आदल्या रात्री शून्य, आज ८०३! आणि पाखरं कुठे बसली होती ते छापून पाहिलं, तर काल जिथे होती तिथेच. शून्यावर. खळगा उठून दुसरीकडे गेल्याचा त्यांना पत्ताच नव्हता.

चूक शोधायला तीन दिवस गेले आणि सापडली ती एका ओळीत. पहारेकऱ्याकडे किती सरकायचं हे काढताना दोघांमधल्या अंतराला घटत्या गुणकाने गुणायला हवं होतं. मी गुणत होते ती पक्ष्याची जागाच. गुणक एकपासून निघून शून्याकडे जाणारा, त्यामुळे जसजशा फेऱ्या वाढतील तसतसं प्रत्येक पाखरू शून्याकडे ओढलं जाणार, समोर फंक्शन कुठलंही असो. आणि ज्या चार फंक्शनांवर मी मिरवत होते त्या चारही जणांचा तळ मूळ स्वरूपात शून्यावरच असतो. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरं, पण शितं मीच वेचून घेतलेली होती. रोझेनब्रॉकचा तळ तेवढा शून्यावर नाही, सगळे निर्देशांक एक असतात तिथे आहे. त्याच्यात सगळीकडे शून्य घातलं तर तीस मितींत किंमत येते २९. माझ्या तक्त्यात २८.९ होतं. म्हणजे पुरावा मी स्वतःच छापून मॅडमच्या हातात दिला होता, वर त्या बिचाऱ्या दरीला बदनामही केलं होतं.

(ही खोड माझ्या एकटीच्या पाखरांची नव्हती, हे पुढे कळलं. २००५ साली एका परिषदेसाठी जो चाचणी-संच तयार झाला त्यातली फंक्शनं मुद्दाम सरकवलेली आणि फिरवलेली होती. शहाण्यांना ही गोम आधीच कळलेली होती. मी तो संच वापरला नव्हता, कारण त्याच्यावर निकाल ‘चांगले येत नव्हते’.)

पक्ष्यांचं प्रकरण गेलं. फोटोही गेले. हातात सहा महिने उरले होते, आणि मॅडमनी सांगितलं की आता नवं काही करू नकोस, प्राण्यांवरून सुचलेल्या अल्गोरिदमांचे मुळातले पेपर नीट वाच. पहिल्यांदा वाचले होते ते आपल्या थिसिसमध्ये संदर्भ डकवण्यापुरते. आता रिकाम्या हाताने वाचायला बसले.

मुंग्यांपासून सुरुवात केली. अर्जेंटाइन मुंगीवरचे ते प्रयोग ब्रसेल्समध्ये जाँ-लुई देन्यूबोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांतला १९८९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग असा : वारूळ आणि खाणं यांच्यामध्ये एक पूल, त्याला दोन फाटे, एक आखूड आणि दुसरा लांब. कुठलीही मुंगी दोन वाटांची अंतरं ताडून पाहत नाही, दोन्ही वाटा तिने एकदम पाहिलेल्याही नसतात. सुरुवातीला काही इकडून जातात, काही तिकडून. पण आखूड वाटेने गेलेल्या लवकर परततात, म्हणून त्या वाटेवर गंधाचा दुसरा थर लवकर बसतो. पुढच्या मुंगीला तिथला वास जरासा जास्त येतो, तीही तिकडे वळते आणि जाताना आणखी थोडा वास ठेवून जाते. थोड्याच वेळात बहुतेक रांग आखूड फाट्यावरून चालू लागते. ‘ही वाट जवळची’ हे कुठल्याच मुंगीच्या डोक्यात नाही. ते वाटेवर लिहिलेलं आहे.

कामाच्या खुणांनीच पुढचं काम ठरत जाण्याला पिएर-पॉल ग्रासे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १९५९ साली ‘स्टिगमर्जी’ असं नाव दिलं, ते वाळवीच्या बांधकामावरून. एकीने मातीची गोळी ठेवली, की त्या गोळीमुळेच दुसरीला तिथे गोळी ठेवावीशी वाटते. मुकादम नाही, नकाशा नाही. जे झालंय तेच पुढचं सांगतं.

इथवरचं मला आधीही माहीत होतं. व्याख्यानांत हे नेहमी सांगितलं जातं, श्रोते माना डोलावतात. पण त्या पेपरात आणखी एक प्रयोग होता, आणि मी तो पहिल्या वाचनात चक्क ओलांडून गेले होते. या वेळी आधी फक्त लांब फाटा ठेवला. अर्ध्या तासाने, मुंग्यांची ये-जा चांगली रुळल्यावर, आखूड फाटा जोडून दिला. मुंग्या काय करतील? काहीच नाही. बहुतेक सगळ्या लांब वाटेनेच जात राहिल्या. जवळची वाट शेजारी उघडी पडलेली, पण तिला वास नाही, आणि जुन्या वाटेचा वास इतका दाट झालेला, की तो विरायच्या आत त्यावर नवे थर बसत होते.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. मुंग्या हुशार असतात असं आपण सांगत आलो होतो, आणि इथे त्या माझ्या सातभाईंसारख्याच जुन्या जागी बसून होत्या.

मार्को डोरिगो यांनी १९९२ साली मिलानमधल्या पॉलिटेक्निकमध्ये जो पीएच.डी.चा प्रबंध दिला, त्यात या मुंग्या संगणकात आल्या. प्रश्न होता फिरत्या विक्रेत्याचा : दिलेल्या सगळ्या शहरांना एकेकदा भेट देऊन परत यायचं, कमीत कमी अंतरात. ऐकायला बालिश वाटतो. दहा शहरं असतील तर वेगवेगळे मार्ग १,८१,४४० होतात, संगणकाला ते काहीच नाहीत. वीस शहरं केलीत की सहावर सोळा शून्यं इतके मार्ग. सेकंदाला एक कोटी मार्ग तपासणारं यंत्र असलं तरी १९० वर्षांहून जास्त काळ लागेल. शहरं फक्त दुप्पट झालीत.

डोरिगोंच्या मुंग्या शहरातून शहरात जातात. पुढचं शहर निवडताना दोन गोष्टी तोलतात, त्या रस्त्यावर वास किती आणि ते शहर किती जवळ. सगळ्यात जास्त वासाच्या रस्त्यानेच जायचं असं बंधन नाही. वास जितका जास्त तितकी शक्यता जास्त, एवढंच. फेरी पूर्ण झाली की प्रत्येक मुंगी आपल्या मार्गावर वास ठेवते, मार्ग जितका आखूड तितका जास्त. आणि हा नवा वास पडायच्या आधी, सगळ्या रस्त्यांवरचा जुना वास ठरावीक प्रमाणात उडून जातो. मूळ अल्गोरिदममध्ये हे प्रमाण साधारण निम्मं धरलेलं आढळतं. निम्मं! दर फेरीला अर्धी आठवण पुसायची.

खऱ्या मुंगीचा गंध इतक्या झपाट्याने विरत नाही. खऱ्या मुंगीला पुढचं शहर किती लांब ते कळत नाही. आपण कुठे कुठे जाऊन आलो याची यादी ती बाळगत नाही, आणि फेरी संपल्यावर हिशेब करून वास टाकत नाही. या चारही गोष्टी संगणकातली मुंगी करते. म्हणजे निसर्गाची नक्कल वगैरे काही नाही. निसर्गात जी गोष्ट नेमकी फसते ती डोरिगोंनी नीट पाहिली होती आणि तिथेच मुंगी बदलली होती. पुलावरच्या मुंग्यांना विसरता आलं नाही, म्हणून यांना विसराळू केलं.

मला हे फार आवडलं. थोडा मत्सरही वाटला. मी सातभाईंचं सगळं जसंच्या तसं घ्यायला निघाले होते, पिसांच्या रंगासकट.

पक्ष्यांकडे वळले तर तिथे आणखी मोठी गंमत. पार्टिकल स्वॉर्म ऑप्टिमायझेशन, बोलीत पीएसओ, हा या घराण्यातला सगळ्यात लाडका अल्गोरिदम. जेम्स केनेडी हे सामाजिक मानसशास्त्रज्ञ आणि रसेल एबरहार्ट हे विद्युत अभियंते, अशा जोडीने तो १९९५ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या परिषदेत मांडला. त्यांची सुरुवात खरोखर पक्ष्यांच्या थव्यापासून झाली होती. त्याआधी १९८७ साली क्रेग रेनॉल्ड्स यांनी दाखवून दिलं होतं, की पडद्यावर थवा उडवायला तीन नियम पुरतात : शेजाऱ्याला धडकू नका, शेजारी ज्या दिशेने चाललाय त्याच दिशेने उडा, शेजाऱ्यांच्या मध्याकडे राहा. केनेडी आणि एबरहार्ट यांच्या पहिल्या प्रारूपातही जवळच्या पक्ष्याशी वेग जुळवणं होतं, आणि थवा एकसुरी होऊ नये म्हणून मधूनच कुणाला तरी वेडंवाकडं उडवणारा एक ‘वेडेपणा’ नावाचा घटक होता. मग त्यांनी एकेक गोष्ट काढून पाहिली. वेडेपणा काढला, काही बिघडलं नाही. शेजाऱ्याशी वेग जुळवणं काढलं, तर शोध उलट किंचित लवकर लागायला लागला. मात्र आता पडद्यावर जे दिसत होतं तो थवा राहिला नव्हता, ती झुंड झाली होती. त्यांनी तसं प्रांजळपणे लिहिलं आणि नावातूनच पक्षी काढून टाकला. उरला तो नुसता कण.

त्या कणाला तीन ओढी असतात. ज्या दिशेने चालला आहे तिकडे जात राहण्याची एक, स्वतःला आजवर सापडलेल्या सर्वांत चांगल्या जागेची दुसरी, आणि सगळ्यांत मिळून कुणालाही सापडलेल्या सर्वांत चांगल्या जागेची तिसरी. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओढीला दर वेळी नव्याने टाकलेल्या एकेका रँडम आकड्याने गुणायचं, तिन्हींची बेरीज करायची आणि तेवढं पुढे सरकायचं. एवढाच अल्गोरिदम, वीस-पंचवीस ओळींत लिहून होतो. केनेडी मानसशास्त्रज्ञ असल्यामुळे असेल, पण या तीन ओढींकडे पाहिलं की मला पाखरू आठवत नाही, माणूस आठवतो. सवय, अनुभव आणि लोक काय म्हणतात.

थिसिस कसाबसा पूर्ण झाला. त्यात नवीन अल्गोरिदम नव्हता, जुन्याच्या चुकांचा अभ्यास होता. परीक्षकांपैकी एकांनी ‘नावीन्य कमी’ असा शेरा मारला. बरोबरच होता तो.

खरं शिकणं नोकरीत झालं. एका यंत्राच्या नियंत्रणाचे सहा आकडे जुळवायचे होते. सूत्र कुठलंच नाही. आकडे सिम्युलेशनमध्ये टाकायचे, चार मिनिटं थांबायचं, यंत्र किती थरथरलं ते बाहेर येणार. उतार कुठल्या दिशेला आहे हेच कळत नाही, मग उतारावरून खाली घसरत जाणाऱ्या नेहमीच्या गणिती पद्धती तिथे लंगड्या पडतात. अशा जागी झुंडीचा उपयोग असतो. वीस कण, पन्नास फेऱ्या, म्हणजे एक हजार सिम्युलेशन. एका संगणकावर जवळजवळ तीन दिवस, आठांवर वाटून दिलं तर एक रात्र.

सकाळी येऊन पाहिलं तर बाराव्या फेरीलाच वीसही कण एका कोपऱ्यात गोळा झाले होते. उरलेल्या अडतीस फेऱ्या तिथल्या तिथे कुजबुजत बसले होते. एका कणाला सुरुवातीलाच बऱ्यापैकी खळगा सापडला, सगळ्यांना बातमी लागली, सगळे धावले. सगळे तिथेच आल्यावर दुसरीकडची बातमी आणणार कोण?

विल्यम बीबी या निसर्गअभ्यासकाने १९२१ साली गयानाच्या जंगलातल्या लष्करी मुंग्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. या मुंग्या जवळजवळ आंधळ्या, पुढच्या मुंगीच्या वासावर चालणाऱ्या. मुख्य रांगेपासून तुटलेली एक तुकडी चुकून आपल्याच शेपटाला जाऊन मिळाली आणि वर्तुळ झालं. परीघ सुमारे ३७० मीटर. एका मुंगीला एक फेरी पूर्ण करायला अडीच तास लागत होते. प्रत्येक फेरीत वास आणखी दाट होणार, आणि प्रत्येकीच्या हिशेबाने ती अगदी बरोबर वाटेवर. अशा चक्रात मुंग्या थकून मरेपर्यंत फिरत राहतात. मुंग्यांच्या हुशारीच्या व्याख्यानांत हे वर्तुळ कुणी दाखवत नाही. नियम मात्र तोच आहे, पुलावरची जवळची वाट शोधणारा.

माझ्या वीस कणांवर इलाज निघाला तो बातमीची वाट लांब करण्याचा. सगळ्यांना सगळ्यांची बातमी द्यायची नाही. कणांना एका कड्यात उभं करायचं आणि प्रत्येकाला फक्त डावा-उजवा शेजारी काय म्हणतो तेवढं कळू द्यायचं. चांगली जागा सापडल्याची बातमी कड्यातून सरकत सरकत पलीकडे पोचायला कितीतरी फेऱ्या जातात, तोवर पलीकडचे कण आपापल्या भागात शोधत राहतात. केनेडी यांनीच पुढे अशा वेगवेगळ्या जोडण्या तपासून पाहिल्या होत्या. मी कड्यावर चालवलं. त्या रात्री पन्नास फेऱ्यांत काम संपलं नाही, दुसरी रात्र लागली. पण यंत्राची थरथर पहिल्या उत्तरापेक्षा स्पष्ट कमी झाली, आणि ते सहा आकडे हद्दीच्या अगदी भलत्या बाजूला होते, जिकडे पहिल्या रात्री कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं.

रोमच्या आकाशात हिवाळ्यात साळुंकीच्या कुळातल्या स्टारलिंग पक्ष्यांचे प्रचंड थवे उतरतात. इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने त्यांची एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांतून छायाचित्रं घेऊन प्रत्येक पक्ष्याची त्रिमित जागा काढली. २००८ साली निष्कर्ष आला : प्रत्येक पक्षी आपल्या सर्वांत जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडेच पाहून उडतो. ते किती मीटरवर आहेत याला फारसं महत्त्व नाही. थवा दाट असो की विरळ, शेजारी सहा-सातच. हजारो पक्ष्यांचा तो एकसंध लोळ एकेका पक्ष्याच्या लेखी सात जणांचं कुटुंब आहे. (सात! माझ्या जुन्या प्रकरणाला किती शोभलं असतं. मोह झाला, नाही असं नाही.)

मधमाश्यांमध्ये विसरण्याची सोय आधीपासूनच आहे. कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाशीच्या नाचाची भाषा उलगडली, त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. नव्या घराच्या शोधात निघालेल्या मोहोळाचा अभ्यास पुढे टॉमस सीली यांनी केला. जागा पाहून आलेली माशी नाचून जाहिरात करते. जागा चांगली असेल तर नाच लांबतो. पण त्याच जागेला पुन्हा भेट देऊन आली की तिचा नाच आधीपेक्षा छोटा होतो, पुढच्या वेळी आणखी छोटा, आणि शेवटी ती नाचणं सोडून देते. जागा वाईट निघाली म्हणून नव्हे. उत्साह आपसूक उतरत जातो. चांगल्या जागेला तोवर नव्या माश्या भेटलेल्या असतात, त्या नाच पुढे चालू ठेवतात. सुमार जागेची जाहिरात तिच्या पहिल्या प्रचारकाबरोबर संपते. आपलंच म्हणणं शेवटपर्यंत रेटत बसणारी माशी त्या मोहोळात नसते. मी ज्या बैठकांना बसते तिथे हे कसं आणता येईल याचा विचार कधी कधी बैठकीतच करते.

तुर्कस्तानचे डेर्विश काराबोआ यांनी २००५ साली मधमाश्यांचा अल्गोरिदम मांडला. त्यातही अशीच एक अट आहे : एखाद्या जागेच्या आसपास ठरावीक वेळा शोधूनही सुधारणा झाली नाही, तर ती जागा सोडायची आणि कुठेही नव्याने सुरुवात करायची. माणसाच्या हातून हे सहजी होत नाही. माझ्या हातून तर नाहीच.

त्यानंतर मात्र प्राण्यांची रांगच लागली. काजवे, कोकिळा, वटवाघळं, लांडगे, देवमासे, पतंग, मुंगीसिंह. प्रत्येकाचा एक अल्गोरिदम, प्रत्येकाच्या पेपरात प्राण्याच्या वागणुकीचं एक रसाळ वर्णन, प्रत्येकाचा तक्त्यात पहिला नंबर. २०१५ साली केनेथ सोरेन्सन यांनी या उपमांच्या पुराविरुद्ध एक खरमरीत लेख लिहिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्राण्याचं नाव काढून घ्या, लांडग्याला ‘उत्तर’ म्हणा आणि शिकारीला ‘सरकणं’ म्हणा, मग सांगा नवीन काय आहे. पुढे ज्यांनी मुंग्या आणल्या त्या डोरिगोंनीच सहकाऱ्यांबरोबर करड्या लांडग्याचा, काजव्याचा आणि वटवाघळाचा अल्गोरिदम सोलून पाहिला. आत निघाला जवळजवळ पीएसओच, वेगळ्या शब्दांत लिहिलेला. २०२० सालच्या त्या पेपराच्या शीर्षकातच त्यांनी म्हणून टाकलं, की यांत नवीन काही नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मला या लोकांवर फार तोंडसुख घेता येत नाही. मी तेच करत होते. त्यांची पाखरं छापून आली, माझी मॅडमनी वाटेत अडवली, इतकाच फरक. शिवाय हे घडतं कसं ते मला पुरतं कळतं. एका पेपराचे दाखले वाढले की तोच आधी सापडतो. तो सापडला की पुढचा त्याचाच दाखला देतो आणि त्याच्याच पद्धतीने स्वतःचा प्राणी आणतो. दाखले विरत नाहीत. लांब फाट्यावर वास दाट होत जातो. झुंडीचा अभ्यास करणारी झुंड त्याच पुलावरून चालली आहे, शेजारी आखूड फाटा उघडा.

आणि आखूड फाटा आहे. फिरत्या विक्रेत्याचाच प्रश्न घ्या. २००६ साली ८५,९०० ठिकाणांचा एक प्रश्न, चिप तयार करताना लागणाऱ्या मार्गाचा, सुटला. उत्तर जवळपासचं नव्हतं, यापेक्षा आखूड मार्ग असूच शकत नाही असं सिद्ध केलेलं होतं. ते मुंग्यांनी केलं नाही. नेटक्या गणिताने केलं, वर्षानुवर्षं घासूनपुसून घेतलेल्या कॉन्कॉर्ड या प्रोग्रामने. उलट, जिथे रस्तेच सतत बदलतात, उदाहरणार्थ नेटवर्कमध्ये माहितीची पाकिटं कुठून न्यायची, तिथे मुंग्यांची कल्पना चांगली चालते. डोरिगो आणि त्यांचे सहकारी दी कारो यांनी १९९८ साली ते करून दाखवलं होतं. तिथे सर्वांत चांगलं उत्तर उद्या शिळं होणार असतं, त्यामुळे विसरण्याला किंमत येते. वॉलपर्ट आणि मॅक्रेडी यांनी तर १९९७ सालीच सिद्ध करून ठेवलंय, की शक्य असलेल्या सगळ्या प्रश्नांवर मिळून सरासरी काढली तर कुठलाच अल्गोरिदम कुठल्याच दुसऱ्यापेक्षा सरस नसतो. तरीही दर तक्त्यात कुणीतरी पहिला येतोच.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने मसुदा वाचायला पाठवला. प्राणी नवा होता. कुठला ते सांगत नाही, बिचाऱ्या प्राण्याचा काही दोष नाही. सुरुवातीची चार पानं त्याच्या शिकारीच्या तंत्रावर, सुरेख रंगीत आकृत्यांसह. मी सरळ शेवटच्या तक्त्यावर गेले. स्फिअर शून्य. रास्ट्रिजिन शून्य. ग्रिवांक शून्य. रोझेनब्रॉक २८.७.

माझ्या कपाळावर घाम आला असेल, कारण मी खिडकी उघडली. मग त्याला एका ओळीची मेल लिहिली : ‘फंक्शन ३.७ने सरकव आणि पुन्हा चालव.’

संध्याकाळी उत्तर आलं. त्याने सरकवलं होतं, एकदा नव्हे दहादा चालवलं होतं आणि दहाही आकडे प्रामाणिकपणे जोडले होते. सगळे आठशेच्या घरातले. खाली त्याने विचारलं होतं :

‘मॅडम, मग प्राणी बदलून पाहू का?’